‘ए’ने दिलेला चहा

मोबाइल लॉकरमध्ये होता, कारण मुलांच्या खोलीत तो आणायची परवानगी नाही. म्हणून नर्सरीच्या स्वयंपाकघरातून अंडी उकडताना लावतात तो चावीचा टायमर मागून आणला, दहावर फिरवला आणि गोष्टींच्या पुस्तकांच्या कोपऱ्यात एका बुटक्या खुर्चीवर वही घेऊन बसले. दोन वर्षांच्या मुलांची खोली. सकाळचा खाऊ नुकताच झालेला, टोस्टचा आणि ओल्या वाइप्सचा एकमेकांत मिसळलेला वास, बाहेर पाऊस म्हणून पंधराच्या पंधरा मुलं आत. मला फक्त एका मुलाकडे बघायचं होतं. तो जे करेल ते, जसं करेल तसं, वेळ टाकून लिहायचं. बोलायचं नाही, हसायचं नाही, मदत करायची नाही, आपण खोलीत नाहीच असं समजायचं. इंग्लंडमधल्या या नर्सरीत मी काम करते आणि नोकरी सांभाळून कॉलेजात शिकते; कॉलेजच्या भाषेत याला नॉन-पार्टिसिपंट ऑब्झर्व्हेशन म्हणतात.

सहाव्या मिनिटाला तो खेळातल्या स्वयंपाकघरातून उठला. एका हातात निळा प्लॅस्टिकचा कप, दुसरा हात कपाखाली बशीसारखा धरलेला. मधे कुणाची तरी गाडी पडली होती, तिला वळसा घालून, कपावरची नजर न काढता माझ्यापुढे येऊन उभा राहिला. ‘टी,’ म्हणाला. मी लिहीत होते. ‘शाली, टी.’ वैशाली त्याला म्हणता येत नाही. मी नजर त्याच्या हातांवर ठेवली, वर चेहऱ्याकडे नेली नाही. नेली असती तर हसू आलं असतं आणि दहा मिनिटं वाया गेली असती. तो थांबला. किती थांबला हे मला नेमकं माहीत आहे, कारण भिंतीवरच्या घड्याळात बघून मी ते लिहिलं होतं. बावीस सेकंद. मग त्याने तो कप खाली ठेवला, माझ्या डाव्या बुटाशी, आणि ठेवल्यावर परत वाकून कपाचा कान माझ्या बाजूला वळवला.

वहीत ते असं उतरलं: ‘१०.१७. चाइल्ड ए रिकामा कप प्रौढ व्यक्तीच्या डाव्या बुटाजवळ ठेवतो. कपाचा कान प्रौढ व्यक्तीकडे वळवतो. निघून जातो.’ प्रौढ व्यक्ती म्हणजे मी.

त्या असाइनमेंटला मला बहात्तर मिळाले. इथल्या हिशेबात सत्तरच्या वर म्हणजे फर्स्ट क्लास. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, ‘बहात्तरच?’ ते असो. कपाच्या ओळीपुढे ट्यूटरने बरोबरची खूण केली होती आणि शेवटच्या शेऱ्यात लिहिलं होतं की निरीक्षण बारकाईचं आणि वस्तुनिष्ठ आहे. ही गोष्ट गेल्या नोव्हेंबरातली. त्यानंतर मी आणखी तीन असाइनमेंट लिहिल्या, डिग्री संपत आली, तो मुलगाही आता मोठ्या मुलांच्या खोलीत जाईल. पण रात्री भांडी घासताना कपाचा कान हाताला लागला की अजून ते बावीस सेकंद आठवतात.

असाइनमेंटमध्ये मुलांची नावं लिहायची नसतात. पालकांची लेखी परवानगी घ्यायची, नर्सरीचं नाव ‘सेटिंग’ करायचं आणि मुलाचं ‘चाइल्ड ए’. दुसरं मूल आलं तर ‘चाइल्ड बी’. पहिल्या वर्षी हे मला फार कोरडं वाटायचं. मग एकदा रात्री उशिरा मीच लिहिलेलं मोठ्याने वाचत होते आणि माझ्या लक्षात आलं की मी इंग्रजीतला ए मराठीत वाचतेय. ए पळतो. ए पाडतो. ए परत येतो. आमच्या गल्लीत सगळ्या पोरांना एकच नाव होतं, ए. ए इकडे ये, ए पडशील, ए कुणाचा रे तू. ज्याचं नाव माहीत नाही पण जो आपलाच आहे त्याला मारलेली हाक. तेव्हापासून मला ते अक्षर कोरडं वाटेनासं झालं. इथेही मी त्याला ए म्हणणार आहे.

मी इथे आले ती २०१४ मध्ये, नवऱ्याच्या नोकरीच्या मागे, डिपेंडंट म्हणून. शिवाजी विद्यापीठाची बी.कॉम. हातात होती आणि तिचं इथे काय करायचं ते मलाही कळत नव्हतं. रेडिंगमध्ये मराठी माणसं भरपूर, पण बहुतेक सगळी आयटीतली; नवरे कोड लिहितात, बायका टेस्टिंगचे कोर्स करतात. मीही एक केला आणि सोडला. लेक झाली, दोन वर्षांची झाल्यावर तिला नर्सरीत घातली आणि तिला सोडायला गेल्यावर मीच पंधरा-पंधरा मिनिटं दाराशी रेंगाळायला लागले. तिथल्या मॅनेजर बाईंनी एक दिवस विचारलं, माणूस कमी आहे, येशील का? बी.कॉम. चालणार नव्हतीच. मुलांच्या खोलीत पात्र कर्मचारी म्हणून मोजलं जायचं तर लेव्हल टू, लेव्हल थ्री असे दाखले लागतात. आणि त्याच्या पुढे जायचं तर ही अर्ली इयर्सची, म्हणजे अगदी लहान मुलांच्या शिक्षणाची, फाउंडेशन डिग्री. पूर्ण पदवीच्या ३६० क्रेडिटपैकी २४०, नोकरी करून तीन वर्षांत. उरलेल्या १२० साठी आणखी एक वर्ष, त्याला टॉप-अप म्हणतात, मोबाइलच्या रिचार्जसारखं. कायमच्या वास्तव्याचा परवाना हाती आला तेव्हा कुठे फीसाठी सरकारी कर्ज मिळायची सोय झाली, नाहीतर हा विषय घरात निघालाही नसता.

गुरुवारी संध्याकाळी कॉलेज. नर्सरीतून साडेपाचला सुटायचं, बसमध्ये डब्यातली पोळी-भाजी खायची. खिडक्या बंद असतात म्हणून लसणीची चटणी आणायची नाही, हे एकदा झालेल्या शोभेनंतर ठरवलं. वर्गात आम्ही चौदाजणी. एक पोलंडची, तिच्या देशात ती शिक्षिका होती. दोन सोमाली बहिणी. एक इंग्लिश आजी, जिने तीस वर्षं घरी मुलं सांभाळली आणि आता नात शाळेत गेल्यावर शिकायला आली. कुणाच्या स्वेटरवर रंगाचा हात, कुणाच्या केसात ग्लिटर. दिवसभर उकिडवं बसून, मुलं उचलून सगळ्यांचे गुडघे गेलेले, आणि समोर स्लाइडवर लिहिलेलं की मुलाच्या उंचीला येऊन बोला. आम्ही हसायचो. संदर्भ कसे द्यायचे ते शिकण्यात पहिले सहा महिने गेले. लेखकाचं आडनाव, स्वल्पविराम, साल कंसात. ‘माझ्या आजीने सांगितलं’ याला हार्वर्ड पद्धतीत काय लिहायचं ते मी विचारलं होतं. वर्गाला वाटलं मी गंमत करतेय.

आमच्या कामातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द रेशो. किती मुलांमागे किती मोठी माणसं. दोन वर्षांखालच्या तीन मुलांमागे एक. दोन वर्षांच्या मुलांना पूर्वी चारांमागे एक असायचं, सप्टेंबर २०२३ पासून पाचांमागे एक केलं. पुढे तिसऱ्या-चौथ्या वर्षाला आठांमागे एक. कागदावर एका मुलाचा फरक. पण ज्याने चार जणांना रेनसूट चढवलेत आणि पाचव्याचा दुसरा बूट शोधताना पहिल्याने सूट उतरवलेला पाहिलाय त्याला विचारा. कुणी संडासला जायचं झालं तरी आधी दुसऱ्या खोलीत हाक: ‘माझा रेशो धरशील?’ मग दुसरी दारात उभी राहते आणि आपण पळत जाऊन येतो. असाइनमेंटसाठी मॅनेजरने मला दहा मिनिटं दिली होती ती अशीच, रेशोबाहेर. म्हणजे त्या दहा मिनिटांत मी खोलीत असूनही मोजलेली नव्हते. माझ्या जागी ऑफिसातून एक मुलगी येऊन उभी होती. आता वाटतं, एवढी सोय केलेली असताना कप न घेण्याचं कारण ‘कामात होते’ असंही देता येत नाही. कामात तर मी त्या वेळी नव्हतेच.

हा शब्द माझ्या लेकीने उचलला. सात वर्षांची आहे. रात्री साडेआठला ती अंथरुणात आणि मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून. मधल्या दाराला तिने एक फट ठेवायला लावलेली. पहिल्यांदा तिने विचारलं, ‘आई, आपल्या घरी रेशो किती?’ मी म्हटलं, एकास एक, कधी बाबा लवकर आला तर एकास दोन. तिला ते फार आवडलं. आणि मग काही दिवसांनी, फटीतून, ‘आत्ता तू रेशोत आहेस का?’ मी त्या वेळी बोल्बी वाचत होते. आईपासून तुटलेल्या लहान मुलांचं काय होतं यावर आयुष्य घालवलेला माणूस. त्याच्या पुढचा मेरी एन्सवर्थचा प्रयोग तर सगळ्यांना परीक्षेला असतो: एक खोली, एक मूल, आई बाहेर जाते, अनोळखी बाई आत येते, आई परत येते, आणि परत आलेल्या आईकडे मूल कसं बघतं त्यावरून त्यांचं नातं ओळखायचं. मी त्या प्रयोगातल्या मुलांचे प्रकार पाठ करत होते. म्हटलं, ‘पाच मिनिटांत येते.’ एन्सवर्थच्या प्रयोगातला एकेक टप्पा साधारण तीन मिनिटांचा, आई काही मिनिटांत परत यायचीच. मी गेले तेव्हा लेक झोपली होती, दाराकडे तोंड करून.

हे मी कुणाला वर्गात सांगितलं नाही, पण चौदापैकी बऱ्याचजणींच्या घरी असं एखादं दार असणार.

आई अंगणवाडी सेविका. शिरोळ तालुक्यातलं गाव, नदीकाठचं, ऊसच ऊस. दिवाळी झाली की बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या, कोप्या पडायच्या, आणि आईच्या अंगणवाडीत अचानक पंधरा-वीस पोरं वाढायची. त्यांची नावं तिच्या पटावर नसायची, तरी सुकडी त्यांनाही मिळायची. मग महिन्याच्या शेवटी शिल्लक जुळवायची. छताच्या हुकाला वजनकाटा टांगलेला असायचा, त्याला कापडी झोळी, झोळीतून बाहेर लोंबणारे दोन पाय, आणि काट्यावरचा आकडा स्थिर होईपर्यंत आई मुलाशी काहीतरी पुटपुटत राहायची. मूल रडलं की काटा हलतो, काटा हलला की आकडा खोटा येतो, म्हणून ती पुटपुट. त्या आकड्याचा ठिपका तक्त्यावर: हिरव्या पट्ट्यात आला तर ठीक, पिवळ्यात आला तर त्या घरी चक्कर. रात्री जेवणं झाली की ती रजिस्टरं घेऊन बसायची. हजेरीचं, आहाराचं, वजनाचं, लसीचं, गरोदर बायकांचं. मी शेजारी गृहपाठ करायची. आता ते सगळं मोबाइलमध्ये आलंय, २०२१ पासून पोषण ट्रॅकर. आमच्या गल्लीत रेंज नसते म्हणून अठ्ठावन्न वर्षांची माझी आई पाण्याच्या टाकीच्या पायऱ्या चढून माहिती भरते.

तिला जे मिळतं त्याला पगार म्हणत नाहीत. मानधन. लहानपणी मला तो शब्द भारी वाटायचा, त्यात मान पण आहे आणि धन पण आहे. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभरातल्या सेविका-मदतनीस संपावर गेल्या तेव्हा आईही तालुक्याला जाऊन बसत होती. सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या आदल्या वर्षी, एप्रिल २०२२ मध्ये, ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला होता. तो कागद हातात कधी पडणार हे विचारायला. त्याच आठवड्यात मी ‘अर्ली इयर्समधलं मनुष्यबळ आणि त्याचा दर्जा’ या विषयावर अडीच हजार शब्द लिहीत होते. आई मांडवातून फोन करायची, मागे घोषणा. माझा दर पुढच्या एप्रिलपासून, म्हणजे २०२४ च्या, तासाला ११ पौंड ४४ पेन्स होणार होता, म्हणजे तेव्हा कायद्याने देता येत होता तेवढा कमीतकमी, आणि सुपरमार्केटमध्ये शेल्फ भरणाऱ्याला याहून थोडा जास्त मिळायचा हे आमच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांना तोंडपाठ होतं. मी आईला रुपयांत करून सांगितलं नाही. रुपयांत केलं की ते फार मोठं दिसतं आणि मग बोलणं वेगळीकडे जातं.

नातेवाइकांचा ग्रुप मात्र सोपा आहे. तिथे मी ‘परदेशात जाऊन पोरं सांभाळते’. एका मामांनी विचारलं होतं, त्याला डिग्री कशाला लागते गं? मला राग आला, आणि रागाच्या खाली हेही आलं की पहिल्या वर्षी मीही तेच म्हणत होते.

डिग्री कशाला लागते याचं एक उत्तर ए आहे. तो आमच्या खोलीत आला तेव्हा सगळ्यांच्या मते व्रात्य होता. एका ठिकाणचं उचलायचं आणि दुसऱ्या ठिकाणी नेऊन टाकायचं, दिवसभर. ठोकळे बेसिनमध्ये, चमचे बुटांच्या फळीत, एकदा माझ्या एप्रनच्या खिशात अर्धं गाजर. जुन्या पर्समध्ये कोंबून कोंबून तो सामान वाहायचा आणि आम्ही मागून आवरायचो. मग कॉलेजात स्कीमा आला. क्रिस ॲथी नावाच्या बाईंनी १९९० मध्ये पुस्तक लिहून हे मांडलं: लहान मुलं एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करतात ती खोडी नसते, तिच्यातून ती जग समजून घेत असतात. कुणी सगळं गोल फिरवून बघतं, कुणी सगळं गुंडाळून झाकून ठेवतं, कुणी इथलं तिथे नेतं. या इथलं तिथे नेण्याला ट्रान्सपोर्टिंग म्हणतात. हे वाचलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ए साठी एक छोटी ढकलगाडी बाहेर काढली, दोन बादल्या ठेवल्या, आणि खोलीतलं निम्मं ओरडणं थांबलं. त्याची आई संध्याकाळी न्यायला आली तेव्हा दारात उभं राहून तिला सांगितलं. ती म्हणाली, घरी तो फ्रिजमधलं लोणी अंथरुणात नेतो. मग ती रडली थोडी. तिला वाटत होतं त्याच्यात काही बिघाड आहे.

शिकले नसते तर हे मला दिसलं नसतं, एवढं मी मामांना सांगू शकते.

पण कपाचं मी काय केलं तर तेच. निरीक्षणाखाली विश्लेषण लिहायचं असतं. मी लिहिलं: चाइल्ड ए कप एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेतो, यावरून ट्रान्सपोर्टिंग स्कीमा दिसून येतो, तो तोल सांभाळतो, यावरून स्थूल आणि सूक्ष्म स्नायूंचा विकास, ‘टी’ असं म्हणतो, यावरून प्रतीकात्मक खेळ. प्रत्येकापुढे कंसात आडनाव आणि साल. एकही वाक्य चूक नाही. माझ्याकडेच का आणला, ऑफिसातून आलेली मुलगी त्याच्या जास्त जवळ उभी होती तरी तिला वळसा घालून का आणला, याला मात्र त्या दोन हजार शब्दांत जागा झाली नाही. मी त्याची की पर्सन आहे. की पर्सन म्हणजे प्रत्येक मुलाला नेमून दिलेलं एक माणूस, ज्याने त्याचं बदलायचं, झोपवायचं, त्याच्या घरच्यांशी बोलायचं. ही पद्धत ज्यांच्या कामातून रुजली त्या एलिनॉर गोल्डश्मिड. त्यांचंच ते ट्रेझर बास्केट, बसायला लागलेल्या बाळापुढे घरातल्या खऱ्या वस्तूंची टोपली ठेवायची: लाकडी चमचा, ब्रश, लिंबू, साखळी, प्लॅस्टिक मुळीच नाही. वर्गात हे शिकवलं तेव्हा मला आजीचं स्वयंपाकघर आठवलं. रांगणारं पोर आलं की ती मांडणीतून एक रवी, एक पळी आणि दोन वाट्या खाली सरकवायची आणि भाकरी थापत राहायची.

गोल्डश्मिड १९१० च्या. अनुताई वाघही १९१० च्या. हे मला योगायोगानेच दिसलं, आद्य बालशिक्षणतज्ज्ञांवर एक तुकडा लिहायचा होता तेव्हा. सगळ्याजणी फ्रोबेल, माँटेसरी, मॅकमिलन भगिनी घेणार हे ठरलेलं. मी म्हटलं आपण ताराबाई मोडक घेऊ. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला बालशिक्षणाचं केंद्र काढलं, मदतीला अनुताई. माँटेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती तर शिंपले, बिया, पानं, काड्या घेतल्या. मुलं बालवाडीत येईनात तर बालवाडी त्यांच्या वस्तीत, अंगणात नेली. आईच्या पाटीवरचा ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथून आला. आणि अनुताई? लहानपणीच लग्न, लगोलग वैधव्य. पुण्यात शाळेत शिकवता शिकवता रात्रशाळेतून मॅट्रिक, आणि बी. ए. झाल्या तेव्हा पन्नाशी उलटलेली. दिवसा मुलं आणि रात्री पुस्तक. मला बसमध्ये डुलक्या यायच्या तेव्हा मी त्यांचा विचार करायची, रॉकेलच्या दिव्याशी बसलेल्या. दिवा रॉकेलचाच होता का हे मला ठाऊक नाही, माझ्या डोळ्यांसमोर तोच येतो. ट्यूटरने त्या तुकड्याशेजारी लिहिलं, रंजक आहे, इंग्रजीतला एखादा संदर्भ जोडता येईल का? त्यांचाही दोष नाही, त्यांना तपासायचं असतं. आमच्या नर्सरीत आता कॅटलॉगमधून शिंपले आणि सुकलेली शंकूफळं येतात, कापडी पिशवीत, ‘नैसर्गिक साधनं’ असं छापलेलं. किंमत बघून मी पिशवी हळूच खाली ठेवली होती.

कपाची गोष्ट मी शेवटी आईलाच सांगितली. रविवारी सकाळी, तिची दुपार, ती टाकीवरून उतरलेली. सगळं सांगितलं: दहा मिनिटं, टायमर, बूट, बावीस सेकंद, बहात्तर. ती ऐकत होती, मधे कुणाला तरी ‘आलो आलो’ म्हणाली. मग म्हणाली,

‘वजन किती हाय त्या पोराचं?’

‘आई, अगं वजनाचं काय? मी कप घेतला नाही म्हणतेय.’

‘ते कळलं. पोरगं जेवतंय न्हवं नीट?’

मी म्हटलं, जेवतं. द्राक्षं तर एक सोडत नाही.

‘मग बास की. उद्या घे.’

आणि तिने टाकीशेजारच्या कुणाच्या तरी सुनेचं सांगायला सुरुवात केली. तिने पंचवीसेक वर्षांत किती ठिपके काढले असतील, आणि त्यातल्या किती ठिपक्यांनी तिला मातीच्या भाकऱ्या आणि पाल्याची भाजी वाढली असेल. तेव्हा ती वजन बघत होती की भाकरी घेत होती, हे मी विचारलं नाही. झोळीपाशी ती काय पुटपुटायची हेही मला आजवर विचारायचं राहिलंय.

उद्या घेतला मी. परवाही घेतला. ए रोज चहा देतो, आता तर माझ्यासाठी, बाहुलीसाठी आणि भिंतीवरच्या जिराफासाठी. मी फुंकर मारून पिते, गरम आहे म्हणते, साखर मागते. तो नोव्हेंबरातला कप यातल्या कुठल्याही कपाने भरून निघत नाही, आणि त्याला त्याची काही आठवणही नसणार. दोन वर्षांच्या मुलाला सकाळचं संध्याकाळी आठवत नाही असं म्हणतात, मीच एका असाइनमेंटमध्ये त्याची दुसरी बाजू लिहिली आहे. टॉप-अपचा अर्ज भरून ठेवलाय, पाठवलेला नाही. त्यात प्रबंध लिहावा लागतो, आणि प्रबंधासाठी पुन्हा निरीक्षणं.

एक गोष्ट मात्र असाइनमेंटमध्ये लिहिली नाही, कारण ती अकराव्या मिनिटाची होती. टायमर वाजला. मी वही मिटली, ऑफिसातल्या मुलीला हाताने ‘झालं’ म्हणून सांगितलं, म्हणजे मी परत रेशोत आले, आणि खाली वाकून कप उचलला. तो हलका हवा होता, पण तळाशी काहीतरी सरकलं. द्राक्ष होतं. अख्खं नाही, अख्खं द्राक्ष आम्ही मुलांना देतच नाही, घशात अडकतं, म्हणून प्रत्येक द्राक्ष उभं चार भागांत कापायचा नियम आहे. तशी एक चतकोर. खाऊच्या वेळेची, म्हणजे त्याने ती तोंडात न घालता मुठीत धरून ठेवलेली, खेळातल्या स्वयंपाकघरापर्यंत नेलेली आणि कपात घालून माझ्यापर्यंत आणलेली. मी वहीत ‘रिकामा’ असं लिहून बसले होते. दुरुस्त करता आलं असतं, पण जे दहा मिनिटांत पाहिलं तेवढंच लिहायचं असतं, म्हणून तसंच ठेवलं, आणि त्याच ओळीपुढे ती बरोबरची खूण आली.

नियमाप्रमाणे ते द्राक्ष कचऱ्यात टाकायला हवं होतं. मी पाठ वळवून खाल्लं. कोमट होतं आणि थोडं खारट. ए तोवर खिडकीशी गेला होता. खाली कचऱ्याची गाडी आली होती आणि तो काचेला दोन्ही तळवे लावून तिला बोलावत होता. मी शेजारी जाऊन उभी राहिले तर सरकून त्याने जागा दिली, वर बघितलं नाही. त्या दिवशी सकाळी द्राक्षं कापायची पाळी माझीच होती.